अब्बांच्या कॉन्टेसाचा पाइप



गेल्या महिन्यात हे सदर आले नाही. संपादकांनी कारण विचारले तेव्हा ‘घरात जरा अडचण आहे’ एवढेच आम्ही कळवले. त्यावर काही वाचकांनी प्रकृतीची चौकशी केली, दुआ दिल्या. खरे सांगायचे तर कुणी आजारी नव्हते. अडचण होती दोन हात लांबीच्या एका रबरी पाइपाची. आज तीच सांगतो.

आमच्या अब्बांकडे कॉन्टेसा आहे, १९९६ सालची. अब्बांचा मोसंबीचा व्यवहार होता. बागा ठरवून घ्यायच्या, माल बाहेरगावी पाठवायचा. एक हंगाम बरा गेला तेव्हा, २००१ साली, त्यांनी ही गाडी सेकंडहँड घेतली. त्या काळी जालन्यात कॉन्टेसा म्हणजे मोठ्या माणसांची गाडी. मोसंबीवाल्याच्या दारात ती उभी राहिली तेव्हा मोहल्ल्यातली पोरे आठ दिवस तिच्याभोवती फिरत होती. पुढे मोहल्ल्यातल्या कितीतरी मुलींची रुखसती याच गाडीतून झाली. अब्बांनी कुणाकडून पेट्रोलचेही पैसे घेतले नाहीत. आता अब्बांचे वय शहात्तर. गाडी आम्ही चालवतो, ते शेजारी बसतात आणि आमचे काय चुकते ते सांगतात.

पावसाळा संपता संपता अंबडला एका नातेवाइकाच्या वलीम्याला गेलो होतो. परत येताना रात्री अंबड चौफुलीवर वळण घेतले आणि बॉनेटखालून ‘फस्स’ असा आवाज आला. पाठोपाठ स्टिअरिंग जड झाले, ओल्या जात्यासारखे. दोन्ही हातांनी जोर लावावा तेव्हा कुठे गाडी वळे. बॉनेटच्या फटीतून पांढरा धूर आणि जळक्या तेलाचा वास. मागच्या सीटवर अम्मी, आमच्या घरातली मंडळी आणि तीन मुले. अब्बा शांतपणे म्हणाले, “घबराओ नक्को. मुडती है, खाली भारी हुई है. बाजू लेव.” गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले, सगळ्यांना उतरवून लांब उभे केले.

पॉवर स्टिअरिंग कसे चालते ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचे समजेल. इंजिनच्या पट्ट्यावर एक लहानसा पंप फिरतो. तो तेलाला दाब देतो आणि ते तेल एका जाड पाइपातून खाली स्टिअरिंगच्या यंत्रणेत जाते. तुम्ही चाक ज्या बाजूला फिरवाल त्या बाजूला ते तेल जोर लावते. काम झालेले तेल दुसऱ्या पाइपाने डब्यात परत येते. पहिला तो प्रेशर पाइप, दुसरा रिटर्न पाइप. रिटर्न पाइपात दाब फारसा नसतो. प्रेशर पाइपात मात्र चाक पूर्ण वळवलेले असताना ७० ते १०० बारपर्यंत दाब जातो. मोटारीच्या टायरात आपण जेवढी हवा भरतो त्याच्या तीस-चाळीस पट, आणि तोही तापलेल्या तेलाचा. पाइप फुटला तरी चाकांचा आणि स्टिअरिंगचा सांधा तुटत नाही. गाडी वळते, फक्त मदत जाते. अब्बांनी तेच सांगितले होते. खरा धोका दुसराच होता. उडालेले तेल सायलेन्सरच्या तापल्या नळीवर पडत होते. धूर त्याचाच होता. आग लागायला तेवढे पुरते.

त्या रात्री जवळच्या एका गॅरेजवाल्याने मदत केली. माणुसकीने केली, पैसेही जास्त घेतले नाहीत, म्हणून त्याच्याविषयी वाईट बोलवत नाही. पण काम चुकीचे झाले. फुटलेल्या पाइपाच्या जागी त्याने दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचा पाइप बसवला. त्याचा नट नीट बसत नव्हता, तो पान्याने ओढून आवळला. रिटर्न पाइपही मऊ झाला होता, तो काढून त्याजागी रेडिएटरच्या पाण्याचा पाइप लावला आणि दोन्हीकडून क्लिपा आवळल्या. जुना रिटर्न पाइप अंधारात कुठे गेला कळले नाही. जुना प्रेशर पाइप मात्र अब्बांनी मागून घेतला आणि कागदात गुंडाळून डिकीत टाकला. त्याच्या एका टोकाचा नट तेवढा हरवला. आम्हांला वाटले, म्हातारपणी माणसाला काहीच टाकवत नाही.

बारा दिवस गाडी चालली. मग स्टिअरिंग वळवताना मांजर रडावे तसा आवाज येऊ लागला. तेलाच्या डब्याचे झाकण उघडून पाहिले. ते तेल नवे असताना डाळिंबाच्या रसासारखे लाल असते. ते काळपट झाले होते आणि त्यात बारीक काळे कण तरंगत होते. अब्बांचे जुने मिस्त्री चाचा आता काम करत नाहीत, मुलगा गॅरेज पाहतो. त्यांना बोलावले. त्यांनी दोन बोटांत तो कण चुरडला आणि म्हणाले, “सर, ये पानी का पाइप है. तेल में गल रहा है.”

पाण्याच्या पाइपाचे रबर वेगळे, तेलाच्या पाइपाचे वेगळे. पाण्याचे रबर गरम पाणी वर्षानुवर्षे सोसते, पण तेल लागले की फुगते आणि आतून सुटत जाते. ते तुकडे पंपात जातात. वरून पाहिले तर दोन्ही पाइप काळे आणि सारखेच दिसतात. आम्ही वीस वर्षे मुलांना ‘दिसते तसे नसते’ हे शिकवतो आहोत, आणि आमच्याच गाडीत बारा दिवस ते दिसले नाही.

गाडी दारात लिंबाखाली उभी राहिली. मग शोध सुरू झाला.

कॉन्टेसाची गोष्ट अशी की तिचे घराणे तीन देशांत विखुरलेले. अंगकाठी इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलची. हिंदुस्थान मोटर्सने ती कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात १९८४ पासून बनवायला घेतली. सुरुवातीला तिच्यात अॅम्बॅसेडरचेच दीड लिटरचे इंजिन होते, एवढ्या मोठ्या देहाला फारच अशक्त. पुढे जपानच्या इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन आले तेव्हा गाडीत जीव आला. आमची त्यातलीच. २००२ मध्ये कॉन्टेसा बंद झाली, २०१४ मध्ये उत्तरपाड्याचा अॅम्बॅसेडरचा कारखानाही थांबला. इंजिन बदलले की पंप बदलतो, पंप बदलला की पाइपाचे तोंड बदलते. म्हणून व्हॉक्सहॉलचा पाइप चालेल, इसुझूचा चालेल, असे म्हणून भागत नाही.

औरंगाबादच्या दुकानदाराने फोनवरच विचारले, “कॉन्टेसा? सर, कोणत्या जमान्यात आहात?” अब्बांच्या डायरीतले इंदूर आणि हैदराबादचे नंबर लावले. निम्मे बंद, निम्म्या ठिकाणी दुकान राहिले नव्हते. मग एका शनिवारी रात्री देवगिरी एक्स्प्रेसने मुंबई गाठली आणि रविवारचा दिवस कुर्ल्याच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात घालवला. तिथे काय नाही? दरवाजे, दिवे, काचा, अख्खी इंजिने. कॉन्टेसाचा पाइपही मिळाला, तोही दोन ठिकाणी. पहिला भंगारातल्या गाडीचा काढलेला. हलकेच वाकवला तर पोटाकडून शेवग्याच्या शेंगेसारख्या चिरा पडल्या. दुसरा पिशवीत बंद, न वापरलेला. दुकानदार म्हणाला, “कंपनीचा माल आहे, साडेतीन हजार.” हातात घेतला तर काठीसारखा कडक. कंपनीचा असेल, पण गाडी बंद होऊन वीस वर्षे उलटली. रबर पिशवीत बंद असले तरी म्हातारे होतेच. रिकाम्या हाताने परत आलो आणि सोमवारी पहिल्या तासाला वर्गावर उभे राहिलो. डोळे मिटत होते, मुलांच्या ते लक्षात आले.

इकडे घरात दुसरीच चर्चा सुरू झाली होती. धाकटे बंधू पुण्यात असतात. त्यांचे म्हणणे, गाडी भंगारात द्यावी. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण, त्यासाठी गाडी दाखवायला न्यायची, फी भरायची, कर भरायचा, कशाला हा उपद्व्याप? विंटेज म्हणून नोंद करावी तर सरकारच्या २०२१ च्या नियमाप्रमाणे त्यासाठी गाडी पन्नास वर्षांची लागते. म्हणजे पहिल्यावहिल्या कॉन्टेसालाही २०३४ पर्यंत थांबावे लागेल. त्यांचे बोलणे चुकीचे नव्हते. भंगारवाला एकदा येऊन पत्र्याला हात लावून गेलाही. त्या संध्याकाळी अब्बा जेवले नाहीत. रात्री एवढेच बोलले, “बेचना है तो चलती बेचो. मय्यत का सौदा मत करो.”

बंधूंनी फोनवर हे ऐकले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “ठीक आहे भाईजान, पाइप मिळेपर्यंत थांबू.”

पाइप मिळाला तो शाळेच्या पालकसभेत. सातवीतल्या एका मुलाचे वडील जेसीबी चालवतात. मुलाच्या गणिताविषयी बोलून झाल्यावर आम्ही सहज गाऱ्हाणे सांगितले. ते हसायलाच लागले. म्हणाले, “सर, तुम्ही पाइपासाठी मुंबईला गेला? आमच्या जेसीबीचा पाइप दर महिन्या-दोन महिन्यांला फुटतो. आम्ही कुठं जातो? एमआयडीसीत जातो, अर्ध्या तासात बनवून आणतो.”

वाचकहो, आमचे जालना लोखंडी सळयांचे गाव. गिरण्यांमध्ये तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रे रात्रंदिवस चालतात. शिवाय जेसीबी, ट्रॅक्टर, उसाची यंत्रे. ह्या सगळ्यांचे पाइप फुटतात आणि गिरणी पाइपासाठी बंद ठेवून चालत नाही. म्हणून असे पाइप बनवून देणारी दुकाने इथे आहेत. आम्ही त्या रस्त्याने वर्षानुवर्षे गेलो, पाट्याही वाचल्या. आमच्या मोटारीचा त्यांच्याशी काही संबंध असेल हे मनात आले नाही, कारण आम्ही ‘कॉन्टेसाचा पाइप’ शोधत होतो. त्या दुकानात कॉन्टेसा हे नाव कुणी विचारलेच नाही.

दुकानदार तरुण होता, पस्तिशीचा. भिंतीवर जाड-बारीक पाइपांची वेटोळी टांगलेली, फळीवर शेकडो लोखंडी टोके. त्याने पाच गोष्टी विचारल्या. आतले भोक किती? तेल किती तापते? कुठे बसणार, कशाला घासणार का? आत कोणते तेल वाहणार? आणि दाब किती? डिकीतला तो गुंडाळलेला जुना पाइप आम्ही त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो उघडला आणि म्हणाला, “हा फेकला नाहीत ते बरं केलं. यावरून लांबी कळते, वाक कळतो, टोकं कळतात. हा नसता तर मी काहीच केलं नसतं.” घरी जाऊन अब्बांना हे सांगितले. ते फक्त ‘हं’ म्हणाले.

आम्ही आपले शहाणपण दाखवले. म्हटले, सर्वांत मजबूत पाइप द्या, दोन जाळीचा. त्याने नकार दिला. पाव इंचापेक्षा थोडा मोठा, तीन अष्टमांश इंचाचा, एका तारजाळीचा पाइपही १८० बारवर चालायला बनलेला असतो आणि त्याच्या चौपट दाबाशिवाय फुटू नये असा त्याचा नियम. मग दोन जाळ्या कशाला? उलट तो जास्त कडक, वाकत नाही, इंजिन हलले की टोकाशी ताण येतो. पुढे त्याने अशी एक गोष्ट सांगितली जी आम्हांला कुठल्याच मिस्त्रीने सांगितली नव्हती. मोटारीच्या स्टिअरिंगचा मूळ पाइप मुद्दाम थोडासा फुगणारा करतात. पंपाच्या तेलाला धक्के असतात, पाइप फुगून ते गिळतो. जेसीबीचा पाइप फुगत नाही. म्हणून तो लावला तर स्टिअरिंग वळवताना थोडी गुणगुण ऐकू येईल. “नुकसान नाही, पण तुम्हाला आधी सांगितलेलं बरं.” साधा पाइप १०० अंशांपर्यंत चालतो, स्टिअरिंगचे तेल त्याच्याही वर जाऊ शकते, म्हणून त्याने जास्त उष्णता सोसणारा पाइप काढला. तो त्याच्याकडे नव्हता, चार दिवसांनी आला. आम्ही थांबलो.

टोकांचे काम लेथवर झाले. जुन्या पाइपाच्या दोन्ही टोकांच्या लोखंडी नळ्या कापून घेतल्या, त्यांना नवी टोके पितळी डागाने जोडली. हरवलेल्या नटाचे आटे मोजायला लेथवाल्याने आट्यांची पट्टी आणली, एकेक पान लावून पाहिले आणि मगच नट कातला. त्या रात्री आवळलेला नट त्याने पाहिला तेव्हा मान हलवली. सुदैवाने पंपाचे आटे वाचले होते, एकच कड दबली होती.

मग पाइप कापला, टोक आत सरकवले, वरून लोखंडी टोपण आणि ते यंत्रात धरले. यंत्राच्या आठ बोटांनी चारी बाजूंनी एकदम ते टोपण दाबले. दुकानदाराने लगेच मोजपट्टी लावून दाबलेल्या टोपणाची जाडी पाहिली. कमी दाबले तर पाइप निसटतो, जास्त दाबले तर आतून चिरतो. नंतर एक टोक बंद करून हातपंपाने १५० बार दाब दिला आणि काटा हलतो का ते पाहत आम्ही दोघे उभे राहिलो. काटा हलला नाही. रिटर्न पाइप त्याने तेलाचाच दिला, मीटरवर मोजून.

पंप मिस्त्री चाचांनी स्वतः उघडला, मुलाला हात लावू दिला नाही. आत रबराची काळी माती झाली होती. धुऊन काढली. पंपाचे सील गेले होते. कॉन्टेसाचे सील मागितले असते तर पुन्हा तीच गंमत झाली असती. चाचांनी आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी एवढे तीन आकडे चिठ्ठीवर लिहून दिले. बेअरिंगच्या दुकानात चिठ्ठी दाखवताच सील मिळाले. यंत्रणेतले सगळे तेल तीनदा बदलले.

पाइप बसवताना चाचांनी दोन गोष्टी पाहिल्या, त्या लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पाइपावर लांबीने अक्षरे छापलेली असतात. पाइप बसल्यावर ती ओळ सरळ दिसली पाहिजे. ओळ दोरीसारखी पिळलेली दिसली तर पाइपाला पीळ बसला, तो लवकर फुटणार. दुसरे, वळण पाच इंचांहून लहान त्रिज्येचे नको. सायलेन्सरच्या नळीजवळ जिथे तो जातो तिथे काचतंतूचे आवरण घातले.

मग पुढची चाके जॅकवर उचलली. इंजिन बंदच. आम्ही स्टिअरिंग हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवत राहिलो, चाचा डब्यात बुडबुडे पाहत तेल घालत राहिले. वीसेक फेऱ्या झाल्या, बुडबुडे थांबले, तेव्हा इंजिन सुरू केले. आम्ही उत्साहाने खाली वाकून पाइपावर हात फिरवायला गेलो तर चाचा ओरडले. इतक्या दाबाखाली सुईच्या टोकाएवढे छिद्र असले तरी तेलाची धार कातडीतून आत घुसते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, पण बोट कापावे लागू शकते. असे झाले तर घरी हळद लावत बसू नये, लगेच दवाखान्यात जावे आणि दाबाचे तेल घुसले आहे हे स्पष्ट सांगावे. गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा फिरवायचा. पुठ्ठा फिरवला. कोरडा.

एकूण खर्च कुर्ल्यातल्या त्या कडक पाइपापेक्षा थोडा जास्त झाला, पण त्यात पंपाचे काम आणि तेलही आले. मुंबईचे भाडे आम्ही धरत नाही, ते आमच्या अज्ञानाच्या खात्यावर.

पहिल्या फेरीला अब्बा शेजारी बसले. मोती तलावापर्यंत गेलो आणि वळून आलो. वळताना ती गुणगुण आली, दुकानदार म्हणाला होता तशीच. अब्बा म्हणाले, “पहले ऐसा आवाज नहीं था.” कारण सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, पटले की नाही ते कळले नाही.

गेल्या आठवड्यात परभणीहून एक गृहस्थ गाडी पाहायला आले. बंधूंनीच पाठवले होते. चालवून पाहिली, खूश झाले. आम्ही भाव बोलणार तोच अब्बांनी मधेच बॉनेट उघडायला लावले. हा पाइप कंपनीचा नाही, जालन्यात बनवलाय. इथे हा नट लेथवरचा आहे. या पंपात रबर गेले होते, धुतलाय, पण आतून किती झिजला ते उघडून कुणी मोजले नाही. वळताना आवाज येतो तो यामुळे. ते गृहस्थ ऐकत राहिले. मग दहा हजारांनी भाव खाली आला. आम्ही अब्बांकडे पाहिले. अब्बा म्हणाले, “उनका हक है.” गृहस्थ ‘घरी विचारून सांगतो’ म्हणून गेले. अजून फोन नाही. बंधू रोज विचारतात, आम्ही रोज ‘नाही’ सांगतो.

गाडी लिंबाखालीच आहे. तिच्याखाली रात्री एक पुठ्ठा सरकवून ठेवायचा असे चाचांनी सांगितले आहे, निदान महिनाभर. फजरहून येताना अब्बा आधी तो ओढून काढतात आणि उजेडाकडे धरून पाहतात.